जरा टेकायला जागा

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची रिडेव्हलपमेंटची अजून एक मीटिंग झाली. अशा मीटिंगा आता सवयीच्या झाल्यात, पण यावेळी बिल्डरकडचा आर्किटेक्ट स्वतः आला होता, लॅपटॉप प्रोजेक्टर सगळं घेऊन. पार्किंगच्या भिंतीवर पांढरी चादर लावली, सगळे आपापल्या घरातून खुर्च्या घेऊन आले, आणि त्या चादरीवर आमची बारा मजल्यांची नवीन बिल्डिंग उभी राहिली, संध्याकाळच्या उजेडात, खाली हिरवळ, एक बाई कुत्र्याला फिरवतीये. मग प्रश्न सुरू झाले. कार्पेट एरिया किती मिळणार, पार्किंग एक की दोन, भाडं किती महिन्यांचं देणार, लिफ्टला जनरेटर बॅकअप आहे ना. तासभर हे झाल्यावर आई, म्हणजे माझी एकोणऐंशी वर्षांची आई, जिने आजवर एकाही मीटिंगमध्ये तोंड उघडलेलं नाही, तिने हात वर केला आणि विचारलं, "जिन्यात कट्टा आहे का?"

आर्किटेक्टला कळलंच नाही. "म्हणजे काकू?"

"आत्ता आहे तसा. टेकायला."

तो मुलगा खरंच चांगला होता, कुठेही उर्मटपणा नाही. हसून म्हणाला, "काकू, तुम्हाला आता जिना चढायचाच नाहीये. दोन लिफ्ट आहेत. आणि बसायला वर टेरेसवर सीनियर सिटिझन्ससाठी वेगळं सिटआउट दिलंय, बाराव्या मजल्यावर, वर छान पर्गोला, झाडं." आणि त्याने ते चित्र दाखवलं. मागून कोणीतरी "वा" म्हणालं. आई "बरं" म्हणाली आणि हात खाली घेतला. पुढचा प्रश्न परत कार्पेटचा.

तिचं ते "बरं" काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

आमची बिल्डिंग पुण्यात कोथरूडातली, १९८२ साली ताबा मिळालेली. तळमजला धरून चार मजले, लिफ्ट नाही, बाहेरून ग्रिटचं प्लास्टर, आत मोझेकच्या फरश्या. त्या काळात आजूबाजूला अशाच बिल्डिंगा उठत होत्या आणि लोक मोठ्या अभिमानाने सांगायचे, ओनरशिपचा फ्लॅट घेतला म्हणून. दिसायला तिच्यात काहीही नाही. रिक्षावाल्याला खूण सांगायची तर समोरच्या मेडिकलची सांगावी लागते. तिचं डिझाइन कोणी केलं हे आज सोसायटीत कोणालाच आठवत नाही, आणि मीही चाळीस वर्षांत कधी तिच्याकडे 'आर्किटेक्चर' म्हणून बघितलं नव्हतं. आर्किटेक्चर म्हणजे युनिव्हर्सिटीची मेन बिल्डिंग, शनिवारवाडा, पाहुणे आले की दाखवायला न्यायच्या त्या वास्तू, अशीच आपली समजूत असते ना.

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला उतरताना मी पहिल्यांदा तो कट्टा नीट बघितला. दोन मजल्यांच्या मध्ये जिना वळतो तिथे, बाहेरच्या भिंतीला लागून, एक विटांचा ओटा बांधलाय, वर काळा कडप्पा. प्रत्येक वळणावर एक, असे तीन. त्याच्या वर छताजवळपर्यंत सिमेंटची जाळी, चौकोनी ठोकळ्यांची, प्रत्येक ठोकळ्यात चार पाकळ्यांचं भोक. ही जाळी पूर्वेला आहे. त्यामुळे सकाळी आठ-सव्वाआठला ऊन आत येतं आणि समोरच्या भिंतीवर पाकळ्या उमटतात, आधी वर छताशी, मग सूर्य चढेल तशा त्या भिंतीवरून खाली खाली सरकत कट्ट्यासमोरच्या फरशीवर येतात आणि साडेदहापर्यंत नाहीशा होतात. कडप्पा मधोमध इतका गुळगुळीत झालाय की काळा न राहता निळसर चमकतो, आणि कडेला मात्र अजून खरखरीत आहे, हात फिरवला की कळतं लोक नेमके कुठे बसतात. दुसऱ्या मजल्याकडच्या कट्ट्याचा एक कोपरा उडालाय, कोणाचं तरी गोदरेजचं कपाट चढवताना. पावसाळ्यात त्या जाळीतून तुषार येतात आणि सगळ्या जिन्याला ओल्या सिमेंटचा वास सुटतो, तो वास मला इतर कुठेही आला तरी मी अकरा वर्षांची होते.

त्या कट्ट्यांवर काय काय झालंय. भाजीच्या पिशव्या टेकवून दम खाणं हे तर रोजचंच. पण त्याशिवाय, शेजारच्या काकू लोकरीचे गुंडे तिथेच करायच्या कारण उजेड चांगला. दहावीच्या वर्षी मी भूगोल तिथे बसून पाठ केला कारण घरात पाहुणे. लोडशेडिंगच्या वर्षांत दुपारी सगळा जिना भरलेला असायचा, जाळीतून वारा यायचा, घरात मात्र पाऊल ठेववत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी रात्री फोनवर बोलायला तिथे येऊन बसायची, हळू आवाजात, आणि जाणारे-येणारे आपण काही ऐकलंच नाही असा चेहरा करून जायचे. आणि २०२० साली, जेव्हा कोणी कोणाच्या दारात जायचं नाही असं झालं, तेव्हा डबे त्या कट्ट्यावर ठेवले जायचे. फोन करायचा, "कट्ट्यावर ठेवलंय", आणि वर निघून जायचं. दहा मिनिटांनी खालून झाकणाचा आवाज यायचा. पॉझिटिव्ह आलेल्या घराला सोळा दिवस दोन्ही वेळचं जेवण त्या कडप्प्यावरून गेलंय.

टेकणं हा शब्द मला त्या दिवसापासून फार जवळचा वाटायला लागलाय. टेकणं म्हणजे बसणं नाही. बसायला यावं लागतं, बसायला कोणीतरी "बसा" म्हणावं लागतं, मग पाणी, मग चहा. टेकणारा माणूस कुठेतरी जात असतो. त्याचं अर्धं अंग अजून रस्त्यात असतं. "नाही नाही, बसत नाही, जरा टेकते" असं म्हणून बायका दारातल्या स्टुलावर टेकतात आणि तिथे पाऊण तास बोलतात, आत येऊन सोफ्यावर बसल्या असत्या तर पंधरा मिनिटांत निघाल्या असत्या. काही बोलणी टेकल्यावरच होतात. आणि मला वाटतं काही इमारती बांधणाऱ्यांना हे माहीत होतं, किंवा माहीत नसेल, हाताला सवय असेल, पण त्यांनी माणसाला टेकायला जागा ठेवली.

आजोबांचा वाडा नारायण पेठेत होता. आमचा नव्हता, आम्ही भाडेकरू, दोन खोल्या आणि पडवीतला एक तुकडा. पण वाडा म्हटलं की मला खोल्या आठवतच नाहीत, ओटा आठवतो. मोठ्या दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना दगडी ओटे होते, घडीव काळ्या दगडाचे, आणि ते काही वेगळे हौसेने बांधलेले नव्हते. वाड्याचं जोतं दगडाचं, रस्त्यापासून दोन-तीन फूट उंच, आणि त्यावरची भिंत थोडी आत घेतलेली, म्हणजे जो काही भाग बाहेर उरला तोच ओटा. घराचा पायाच माणसाच्या मांडीच्या उंचीवर येऊन थांबलेला. हे मला खूप उशिरा समजलं आणि समजल्यावर विलक्षण वाटलं, की ज्याच्यावर सगळं घर उभं आहे त्याच्यावरच रस्त्याने जाणारा कोणीही येऊन टेकतोय. उन्हाळ्यात संध्याकाळी त्या दगडावर पाणी मारायचे, वाफ यायची, मातीसारखाच पण जरा कडवट वास, आणि मग आजोबा आणि समोरचे दोघं-तिघं येऊन बसायचे. दगड वरून गार झालेला आणि आतून अजून कोमट. फ्रॉकमधून ते दोन्ही एकदम कळायचं.

पण वाड्याबद्दल नुसतं गोड लिहिलं तर ते खोटं होईल. आतला जिना भिंतीच्या जाडीत काढलेला, दिवसाही काळोख, वरून सोडलेला दोर धरून चढायचा. कडीपाटाच्या फटींमधून वरच्या घरात कोणी चाललं की माती पडायची, आई जेवणावर सतत झाकणं ठेवायची. मागे सगळ्या बिऱ्हाडांत मिळून दोन संडास. भाडं इतकं कमी की मालकाला डागडुजी करणं शक्य नाही, आणि भाडेनियंत्रणाच्या कायद्यामुळे ते वाढणंही शक्य नाही, मग वाडा नुसता खचत राहायचा. आणि ओट्याचं म्हणाल तर तो पुरुषांचा होता. आई त्या ओट्यावर एकदाही बसलेली मला आठवत नाही. ती मागच्या चौकात, हौदाच्या कठड्याला टेकायची, तेही भांडी घासून झाल्यावर. मी तिला परवा विचारलं तर म्हणाली, "पुढे कसं बसणार, सासरे असायचे." म्हणजे १९८२ साली जेव्हा आम्ही कोथरूडला आलो आणि जिन्यातल्या कट्ट्यावर ती भाजी निवडायला बसली, तेव्हा वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा पुढचा ओटा मिळाला होता. हे मला इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं.

आणि ओटा सगळ्या जातींना होता का, हा प्रश्नही आहेच. नव्हता. पेठांमध्ये कोणी कुठे टेकायचं हे ठरलेलं होतं आणि ते ठरवणारे लोक वाड्यांच्या आतच राहत होते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही गोष्ट शाळेत एका ओळीत शिकवतात. पण मी जेव्हा वाड्याचा हौद डोळ्यांसमोर आणते, अंगणाच्या मधला, घरातल्यांनी रोज वाकून पाणी घ्यायचा, तिथलं शेवाळ, कठड्याचा ओला दगड, तेव्हा मला कळतं की त्यांनी नेमकं काय उघडलं. भाषण करण्यापेक्षा ते कितीतरी अवघड असणार. घराचा नकाशा तोच, एकही भिंत हलवली नाही, आणि तरी घर बदललं.

पानशेतचं धरण फुटून आलेल्या पुराचं आजी सांगायची. १२ जुलै १९६१. पाणी चढत गेलं आणि ओटा बुडाला, मग दिंडी, मग माजघरातले कोनाडे. सगळे वरच्या पेठेत कोणाच्या तरी गच्चीवर. आजीच्या सांगण्यात एक गोष्ट नेहमी यायची, की पाणी चढत असताना वाडे पडले त्यापेक्षा पाणी उतरल्यावर जास्त पडले. भिंती मातीच्या, विटांमध्येही मातीच, ती आत पाणी पिऊन बसली होती, आणि वरचं लाकूड तसंच जड. रात्री झोपल्यावर लांबून धप्प असा आवाज यायचा, मग थोड्या वेळाने परत. आमच्या वाड्याची मागची बाजू गेली, पुढची राहिली. दगडाचं जोतं जसंच्या तसं. आजी म्हणायची, "चिखल काढायला आलो तर बसायला ओटा तेवढा होता." घरातलं सगळं तोंडाशी आणून टाकलेलं, भिजलेल्या गाद्या, धान्य, आणि ती माणसं त्या ओट्यावर बसून भाकरी खात होती, कुठल्यातरी अनोळखी लोकांनी आणून दिलेली.

तो वाडा आता नाही. त्या जागी सहा मजली बिल्डिंग आहे, खाली मोबाइलच्या अ‍ॅक्सेसरीजचं दुकान.

मी अजूनही महिन्यातून एकदा मंडईत जाते. गरज काहीच नाही, घराखाली सगळं मिळतं, ॲपवर तर दहा मिनिटांत येतं. हल्ली मेट्रोने जाते, आयडियल कॉलनीला बसायचं, जिल्हा न्यायालयाला बदलायची आणि थेट मंडईखाली उतरायचं. सरकत्या जिन्याने वर आलं की तो दगडी मनोरा दिसतो, आणि मला दर वेळी बरं वाटतं. मंडई १८८६ साली बांधली, तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे, म्हणून नाव रे मार्केट. फुले त्याआधी नगरपालिकेत सदस्य होते आणि एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालायला त्यांचा विरोध होता, तो शिक्षणावर घाला असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेतला आणि त्याच इमारतीला फुल्यांचं नाव दिलं गेलं. मला ह्या दोन्ही गोष्टी एकदम पटतात, हे कसं ते मला सांगता येणार नाही. पैसे शाळांवर जायला हवे होते हे खरंच आहे. आणि ही इमारत नसती तर पुण्याचं काहीतरी फार मोठं गेलं असतं हेही खरं आहे. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत, खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी माल पुरवलेला, त्यामुळे दगडाला आणि चुन्याला किती पैसे लागतात हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं क्वचितच कोणाला माहीत असेल. तो विरोध हिशोब माहीत असलेल्या माणसाचा होता.

मंडईत मला काय आवडतं तर आत शिरल्यावर डोक्यावर येणारी ती उंची. छप्पर इतकं वर की गरम हवा, आवाज, वास सगळं वर निघून जातं, आणि खाली मे महिन्यातही सावली आणि गारवा. मधे अष्टकोनी भाग आणि तिथून फुटलेल्या रांगा, त्यामुळे पहिल्यांदा आलेला माणूस हमखास चुकतो आणि फिरून तिथेच येतो. विक्रेते उंच बसलेले, त्यांचा गाळा म्हणजे एक ओटाच, समोर उतरता ढीग, काकड्या, गवार, वांगी, आणि माल द्यायला ते वरून वाकतात. मी लहानपणी आईचा पदर धरून उभी असायचे तेव्हा मला भाजीच्या ढिगापलीकडे फक्त एक हात आणि तराजूचं पारडं दिसायचं. एक आजी होत्या, लिंबं, आलं, कोथिंबीर विकणाऱ्या, गाळा नव्हता त्यांना, बाहेरच्या दगडी पायरीवर बसायच्या. आई त्यांच्याकडून लिंबं घ्यायची आणि पैसे देता देता त्यांच्या शेजारी टेकायची. दोघी रस्त्याकडे तोंड करून बसायच्या, फारसं काही बोलायच्या नाहीत. त्या पायरीला कोणी बाक म्हटलेलं नाही, पण तिची उंची आणि रुंदी अशी आहे की बसता येतं, आणि पायरी दगडाची आहे म्हणून एकशे चाळीस वर्षं लोक बसून ती झिजली आहे, मोडलेली नाही. पुणेकर इथल्या गप्पांच्या अड्ड्याला मंडई विद्यापीठ म्हणतात, त्याचे वर्ग ह्याच पायऱ्या आणि कट्ट्यांवर भरत आलेत.

तिथून तुळशीबाग दोन पावलांवर. बाजाराबद्दल सगळे बोलतात, कानातली, डबे, झारे, टाक. पण मधे जे रामाचं देऊळ आहे तिथे दुपारी तीनला जाऊन बघा. सभामंडपात बायका बसलेल्या असतात, पिशव्या पायाशी, कोणी सुटे पैसे मोजतंय, कोणी बाळाला मांडीवर घेऊन थोपटतंय, कोणी नुसतं डोळे मिटून. दर्शन झालेलं असतंच असं नाही. बाहेर कानठळ्या बसवणारा गोंगाट आणि आत तो मातीच्या माठासारखा गारवा. कोणी कोणाला उठवत नाही. देवळाला दीपमाळ आहे, कळस आहे, ते सगळं सुंदरच आहे, पण मी आर्किटेक्ट असते तर मुलांना आधी तिथे बसलेल्या बायका दाखवल्या असत्या. बालगंधर्वचंही तसंच. १९६८ साली उघडलेलं नाट्यगृह, मी तिथे किती नाटकं बघितली त्यातली निम्मी आता आठवत नाहीत, पण मध्यंतरात बाहेर पायऱ्यांवर टेकून खाल्लेला बटाटेवडा, हातातला कागद तेलकट झालेला, आणि पहिला अंक कसा झाला यावर बाबांशी घातलेला वाद, हे सगळं जसंच्या तसं आहे. ते पाडून नवीन बांधायचं अशी बातमी अधूनमधून येते आणि दर वेळी माझ्या मनात तोच प्रश्न येतो, जो आता आईने विचारला. सीट किती, पार्किंग किती, ते सगळं सांगतील. पायऱ्या असतील का?

आता जिन्यातले कट्टे का जातात हे मी जरा समजून घेतलं, त्या आर्किटेक्टलाच फोन करून. त्याने खूप वेळ दिला. तळमजल्यावर पूर्ण पार्किंग, कारण गाड्याच एवढ्या. म्हणजे रस्त्याला लागून माणूस राहतच नाही, तिथे राहतात त्या गाड्या, मग ओटा कोणासाठी. उंच बिल्डिंगमध्ये जिना म्हणजे मुख्यतः आग लागली तर उतरायची वाट, त्यामुळे तो बंदिस्त, जाड दरवाज्याआड, आणि त्यात अडथळा होईल असं काही ठेवता येत नाही. हे बरोबरच आहे, आग लागल्यावर कट्टा नको, रुंदी हवी. आणि लोकांना जेवढं मिळेल तेवढं घराच्या आत हवं असतं. आमच्याकडेच बघा, बाराच्या बारा बाल्कन्या आत घेतलेल्या आहेत. आम्हीही घेतली, १९९४ साली, भावाला अभ्यासाला खोली हवी म्हणून. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावल्या आणि त्या दिवसापासून समोरच्या काकूंशी कपडे वाळत घालता घालता होणारं बोलणं बंद झालं. तेव्हा ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्यामुळे सगळा दोष बिल्डरवर टाकायला माझी जीभ रेटत नाही.

मी रिडेव्हलपमेंटच्या बाजूनेच मत दिलंय, हेही सांगते. स्लॅबला गळती आहे, बाथरूमच्या छताच्या खपल्या पडून सळया दिसतात, गंजलेल्या. आई तिसऱ्या मजल्यावरून आठवड्यातून दोनदाच उतरते, गुडघ्यांमुळे. लिफ्ट हवीच आहे. तिला हवी आहे म्हणूनच हवी आहे.

पण बाबांचं आठवतं. त्यांचं हृदयाचं दुखणं निघालं ते २००९ साली. त्याआधी जवळजवळ वर्षभर ते ऑफिसमधून, म्हणजे रिटायर झाल्यावर लायब्ररीतून, येताना दुसऱ्या कट्ट्यावर बसायला लागले होते. आम्हाला वाटलं सवय. ते काहीतरी वाचत बसल्यासारखे दिसायचे, पेपर उघडलेला, चष्मा नाकावर. आईच्या आधी लक्षात आलं. ती वरून दार उघडून बघायची, ते दिसायचे नाहीत, पण पेपरचा आवाज यायचा. एक दिवस ती खाली उतरून त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "पान तर उलटलंच नाहीत अजून." मग ते बोलले, की छातीत भरून येतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर. पुढे पाच वर्षं मिळाली त्यांना, आणि आम्हाला. मी कुठलीही मोठी गोष्ट सांगत नाहीये, एवढंच की तो कट्टा नसता तर ते थांबले नसते, कठड्याला धरून तसेच वर आले असते आणि दारात म्हटले असते, काही नाही, जरा दम लागलाय. घरात बसल्यावर माणूस नीट बसतो, चेहरा नीट करतो. लिफ्टमध्ये तर दहा सेकंद, तेवढ्यात कोणाला काय कळणार.

माझ्या एका मैत्रिणीकडे, तिच्या नवीन टॉवरमध्ये, आईला घेऊन गेले होते दिवाळीनंतर. खाली लॉबी केवढी, पांढरी टाइल्स, मोठा सोफा, एका कोपऱ्यात फुलदाणी. मैत्रीण यायला वेळ होता म्हणून आम्ही थांबलो. आई त्या सोफ्यावर बसेना. मी दोनदा म्हटलं, तरी काठीवर भार देऊन उभीच. वॉचमनने स्वतःची प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, त्यावर मात्र लगेच बसली, त्याच्याशी गावाचं, मुलांचं बोलायला लागली. मी तेव्हा जरा चिडलेच होते तिच्यावर. आता मला वाटतं की त्या सोफ्यावर टेकता येत नव्हतं, बसावं लागलं असतं. आणि बसायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि खाली निघाले. आईने विचारलं कुठे, मी सांगितलं. ती म्हणाली थांब, आणि गुडघ्याला पट्टा बांधून काठी घेऊन आली. आम्ही दोघी एक एक पायरी उतरत दुसऱ्या मजल्याच्या कट्ट्यापाशी आलो. सकाळचे नऊ वाजले असतील, जाळीच्या पाकळ्या अर्ध्या भिंतीवर होत्या. आईने टेपचं एक टोक धरलं. लांबी चार फूट सात इंच. रुंदी चौदा इंच. उंची मी मोजली सोळा, आई म्हणाली परत मोज, परत मोजली तर साडेसोळा. मी मोबाइलमध्ये लिहीत होते, त्या आर्किटेक्टला पाठवायला. फोनवर तो म्हणाला होता की जिन्यात नाही जमणार, पण प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर थोडी जागा आहे, तिथे खिडकीखाली काही करता येतं का बघतो, मापं पाठवा. जमेल की नाही मला माहीत नाही. इतर मेंबर तिथे चपलांचं कपाट मागतील असं वाटतं.

"कडप्पा लिहू की ग्रॅनाइट?" मी विचारलं.

आई तोपर्यंत बसली होती, टेपचं टोक हातातच, त्या निळसर झालेल्या जागेवर बरोबर. तिने मागे सरकून डोकं जाळीखालच्या भिंतीला लावलं.

"काहीही लिही. पण मागे भिंत हवी म्हणावं, पाठ टेकायला. आणि उजेड."